आठ लाखांची फी सतरा लाखांना कशी पडते

रामबागकर:
परवा येथे, आपल्या इंदूरकर मराठी मंडळींच्या गटावर, एका गृहस्थांनी लिहिले की, वर्षाची फी दोन लाखांच्या आत असेल तर अभियांत्रिकी कोणत्याही मध्यमवर्गीय घराला परवडते. रडगाणे गाणाऱ्यांनी आधी छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या आपल्या खादाडीचा खर्च मोजावा. हे वाचून मी मुलाच्या शैक्षणिक कर्जाचे खातेपुस्तकच काढून बसलो. दरवर्षी दोन लाख, असे चार वर्षांचे आठ लाख, व्याज दहा टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत होते. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचे एक लाख, पुढच्यांवर ऐंशी, साठ आणि चाळीस हजार. हप्ता सुरू झाला तो १० लाख ८० हजारांवर, महिना १४ हजारांहून अधिक, आणि तोही दहा वर्षे. एकूण सतरा लाख. यात पुण्यातली खोली आणि मेस धरलेली नाही.

टिळकनगर:
ते गृहस्थ मीच. आपला हिशेब बिनचूक आहे, पण तो शिक्षणाचा नसून न भरलेल्या व्याजाचा आहे. मुलगा शिकत असतानाच आपण व्याज भरत गेला असतात, तर हे २ लाख ८० हजार मुद्दलात मिसळलेच नसते.

सुदामानगर:
मला तर खरे दुखणे पुण्याचे वाटते. आपल्याकडे मूल बारावीला गेले की पुण्याच्या आत्याला फोन जातो. तेथे गेल्यावर कळते की शाहू महाराजांच्या नावाची फी-सवलत महाराष्ट्राच्या अधिवासाशिवाय मिळत नाही आणि आपला दाखला मध्य प्रदेशचा. येथे १९५२ पासूनचे गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २०१७ पासून हुशार मुलांची फी सरकारने भरण्याची मेधावी विद्यार्थी योजना आहे. पण इंदुरात शिकला असे सांगायला आपल्याला लाज वाटते!

रामबागकर:
लाजेचा प्रश्न नाही, महाशय. मेधावी योजनेला बारावीला सीबीएसईचे ८५ टक्के लागतात, माझ्या मुलाला ८३ होते. तिकडे आम्ही बाहेरचे आणि इकडे दोन टक्क्यांनी नापास. पुण्याचे वेड म्हणून हिणवण्यापूर्वी एवढे तरी विचारायचे होते.

सुदामानगर:
विचारतो. त्या टक्क्यांत येथे एकही खाजगी महाविद्यालय मिळत नव्हते का? घरचे जेवण आणि सिटी बस, यांची बेरीजही एकदा करून पाहावी.

नारायणबाग:
आपण दोघे पुणे की इंदूर यावर भांडत आहात, म्हणून मध्ये बोलते. आमच्या घरी हा निर्णय १९९८ मध्ये झाला होता. भाऊ पुण्याला गेला. मला मात्र, घरून बी.कॉम. केले की खर्च वाचतो, असे सांगण्यात आले. आईच्या पाटल्या सराफ्यात गहाण पडल्या आणि त्यांची चिठ्ठी दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यात ठेवली गेली. दर दिवाळीला पणत्या काढताना ती हाताला लागे. आई तिची घडी न उघडता पुन्हा तळाशी सरकवी. पाटल्या सुटल्या नाहीत. भावाच्या शिक्षणाला किती लागले असे विचारले की वडील फक्त फीचा आकडा सांगत.

सुदामानगर:
ताई, क्षमा असावी. आमच्याही घरी घरून शिकायचे ठरले ते मुलीचेच. मुलाच्या वेळी ही बेरीज मी स्वतः केली नव्हती.

टिळकनगर:
बरे, परवडते हा शब्द मी मागे घेतो. खादाडीचा मात्र घेत नाही. शिवाय रामबागकर, जुन्या करप्रणालीत राहिलात तर प्राप्तिकरात या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, तेवढी तरी सोडू नका.

रामबागकर:
वजावट मुलगा घेतो आहे, आभार. आपण सुचवलेले व्याज पहिल्या वर्षी महिना सोळाशे-सतराशे होते आणि चौथ्या वर्षी साडेसहा हजारांच्या वर गेले असते. त्याच चौथ्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो. ते कोठून आणायचे होते, हेही त्या पोस्टमध्ये लिहिले असतेत तर बरे झाले असते.