सामूहिक वनहक्काच्या जंगलातली रायमुनिया: कापली की दुप्पट येते, काय करावं?

प्रश्न | देवरीकर (गोंदिया जिल्हा)

आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळालेला आहे. त्यातल्या साधारण ६० हेक्टरवर रायमुनिया (घाणेरी, टणटणी) इतकी माजली आहे की आत माणूस शिरत नाही. तेंदू, मोह, येन (ऐन), धावडा ही झाडं तिच्या खाली दबून गेलेत. दोन वर्षांपूर्वी मजूर लावून कोयत्याने जमिनीलगत कापली. पुढच्या पावसाळ्यात एकेका खुंटातून आठ-दहा धुमारे निघाले. आता काही जण म्हणतात जेसीबी लावा, काही म्हणतात तणनाशक मारा. ग्रामसभेत ठराव घेण्याआधी जाणकारांचं मत हवं आहे. काढावी कशी, कोणत्या महिन्यात, आणि काढल्यावर तिथे काय लावावं?

---

उत्तर १ | मूळखोद

कोयत्याने कापली म्हणूनच दुप्पट आली. खोड आणि मूळ जिथे मिळतं तो गाठाळ भाग जमिनीच्या जरा खाली असतो आणि रायमुनियाचे झोपलेले डोळे त्याच गाठीत असतात. वरून कापलं की ते सगळे एकदम जागे होतात. आग लावली तरी तेच होतं. वरचं जळतं, गाठ शाबूत राहते, मरतात ती येनाची आणि बिज्याची रोपटी.

म्हणून घाव गाठीच्या खाली बसला पाहिजे. ही पद्धत दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. कॉर्बेट आणि कालेसरच्या जंगलात ती वापरली गेली आहे. करायचं असं: बुंध्याभोवतीची माती कुदळीने बोट-दोन बोटं मोकळी करा. गाठ नजरेला पडते, तिच्या खाली मूळ सरळ आणि गुळगुळीत होतं. तिथे, म्हणजे जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर, कुदळीच्या धारेच्या बाजूने घाव घाला. अख्खं मूळ खणून काढायची गरज नाही. गाठ वर आली की खालचं मूळ पुन्हा फुटत नाही.

मग झुडूप उचलून उलटं करा, मूळ आकाशाकडे. ही पायरी लोक आळसाने सोडतात आणि तिथेच फसतात, कारण ओल्या मातीला टेकलेल्या फांदीला मुळं फुटतात. आठ दिवस उलटं वाळलं की धोका संपला. नाल्याच्या ओलीत मात्र हिरवं झुडूप कधीही टाकू नका.

जेसीबी नको. तो माती खालवर करतो, दबलेलं बी वर आणतो, आणि ज्या रोपट्यांसाठी हे सगळं करायचं तीच चिरडतो. तणनाशकही नको. त्याच जागेवरून लोक मोह, तेंदू, रानभाज्या आणतात, ढोरं तिथेच पाणी पितात.

हत्यारं: पुढची धार घासून घेतलेली कुदळ, जाड बुंध्यासाठी सब्बल, फांद्या मोकळ्या करायला टंगिया, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. झुडपात घोणस असू शकते, म्हणून आधी काठीने झोडपून मगच हात घाला.

---

उत्तर २ | रोवणीनंतर

वरचं सगळं बरोबर. वेळेबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे कामाचं वेळापत्रक धान ठरवतं.

रोवणी संपली की ऑगस्टच्या मध्यापासून धान कापणी सुरू होईपर्यंतचा काळ धरा. माती ओली असते, घाव हलका बसतो, मजूर मोकळे असतात. मुख्य म्हणजे झुडपावर फुलं असतात, फळं बहुतेक हिरवी. काळी पिकलेली फळं लागल्यावर काम केलं तर ओढताना बी तुम्हीच पेरता.

६० हेक्टर एकदम घेऊ नका. आधी २० × २० मीटरचे तीन प्लॉट आखा: एक दाट, एक मध्यम, एक विरळ. प्रत्येकाला किती मनुष्यदिवस लागले ते लिहा. हेक्टरमध्ये असे २५ प्लॉट बसतात. समजा मध्यम प्लॉटला ३ मनुष्यदिवस लागले, तर हेक्टरी ७५ आणि ५ हेक्टरला ३७५. रोजगार हमीचा प्रस्ताव या आकड्यावर करा, अंदाजावर नाही. त्यात पुढच्या दोन वर्षांची निंदणी आत्ताच धरा. ती धरली नाही तर पहिल्या वर्षाचा पैसा पाण्यात जातो, कारण बुलबुलासारखे पक्षी फळं खाऊन बी टाकतच राहतात आणि मातीतलं जुनं बीही काही वर्षं उगवत राहतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पावसाळ्यात दोन फेऱ्या: जुलैच्या शेवटी एक, सप्टेंबरात एक. सगळं रान पिंजायचं नाही. पक्षी जिथे बसतात त्या पळस, मोह, येनाच्या सावलीत आणि नाल्याच्या काठाने फिरा, रोपं तिथेच सापडतात. वीतभर रोप ओल्या मातीतून मुळासकट हाताने येतं. वर्ष गेलं की त्यालाच कुदळ लागते.

सुरुवात सर्वात दाट पट्ट्यापासून करण्याचा मोह होतो, पण करू नका. जिथे रायमुनिया विरळ आहे आणि झाडांची सावली टिकून आहे तिथून सुरू करा. कमी मजुरीत जास्त जंगल सुटतं आणि सावलीखाली ती पुन्हा नीट माजत नाही.

---

उत्तर ३ | गवताळ

मोकळ्या केलेल्या जागेचं काय, हा खरा प्रश्न आहे. पहिल्याच सप्टेंबरात तिथे रानतुळस आणि तरोटा ही तणं येणार. रानतुळस फुलण्याआधी उपटा. नुसती कापली तर खालच्या पेरातून पुन्हा फुटते. आणि पुढच्या जूनपर्यंत गवत पेरून जागा भरा.

बी विकत शोधू नका. शेजारच्या चांगल्या कुरणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मारवेल, शेडा, डोंगरी या गवतांच्या ओंब्या पिकतात. दाणे हाताला सहज सुटायला लागले की खुडा, सावलीत वाळवा, कापडी पोत्यात भरून टांगून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं बी नीट उगवत नाही, चार-सहा महिने पडून राहिलं की उगवण सुधारते, म्हणून मधला काळ वाया जात नाही. पहिल्या पावसाच्या तोंडावर हेक्टरी ५ ते ६ किलो बी ओलसर माती आणि शेणात चोळून उथळ रेघांत टाका, वर १ सेंमीपेक्षा जास्त माती नको. जास्त खोल गेलं की उगवतच नाही, आणि दोष उगाच बियाण्याला मिळतो.

कुसळी गवत मुद्दाम पेरू नका. चराई आणि आगीच्या जागी ती आपोआप येते, आणि कुसळं धरली की ढोरं तिला तोंड लावत नाहीत.

त्या तुकड्यावर निदान दोन पावसाळे चराईबंदी लागेल. हा ठराव गुराख्यांना सोबत बसवून करा, आणि गवत कापून नेण्याची मुभा द्या. बंद जागेच्या बदल्यात कोणती जागा खुली, हे नकाशावर दाखवलं तरच बंदी टिकते.

---

देवरीकर

फार उपयोग झाला. रोपवाटिकेतून रोपं आणून खड्डे करून लावायची की नाही? सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब चर) घ्यावेत असाही आग्रह आहे. आणि सगळं मोकळं केलं तर प्राण्यांचा आडोसा जातो, हे खरं का?

---

उत्तर ४ | मूळखोद

आधी मोजा. रायमुनिया काढण्यापूर्वी तिच्याखाली दबलेल्या येन, धावडा, तेंदू, बिजा, आवळ्याच्या रोपट्यांना जुन्या लुगड्याची रंगीत चिंधी बांधा, नाहीतर मजूर त्यांनाही कापून टाकतील. मग १० × १० मीटरचे दहा-पंधरा प्लॉट घेऊन मोजा. माझ्या मते प्लॉटमध्ये १० किंवा जास्त जिवंत रोपटी किंवा खुंटांचे फुटवे असतील, म्हणजे हेक्टरी १०००, तर एकही रोप आणू नका. हिवाळ्यात प्रत्येक खुंटावर जोमाचा एक किंवा दोन फुटवे ठेवून बाकीचे छाटा. जुन्या मुळावरचा फुटवा पिशवीतल्या रोपापेक्षा कितीतरी जोरात वाढतो.

जिथे खरंच मोकळं आहे तिथे बी टोका. मोहाची टोरी (बी) जूनमध्ये पडली की लगेच, फार तर दोन-तीन आठवड्यांत, २ ते ३ सेंमी खोल, एका जागी दोन. ठेवलेली टोरी उगवत नाही. वर काटेरी फांदी दाबा, नाहीतर रानडुक्कर उकरतं. चारोळीचं टणक कवच हलकं तडकवून टोका, आतल्या दाण्याला लागू देऊ नका.

सलग समतल चराला जिवंत मुळांच्या जागी माझा ठाम विरोध आहे. तेंदूची, येनाची मुळं तुटतात आणि उकरलेल्या मातीवर पहिलं पीक रायमुनियाचंच येतं. माती वाहते त्या घळींत अनगड दगडांचे छोटे बांध घाला, वरच्या टोकापासून खाली येत.

आडोशाचं खरं आहे. चितळ, ससे, अस्वलं दाट झुडपात बसतात. म्हणून पट्ट्यापट्ट्याने काढा, एका वर्षी सगळं नाही. सकाळी थाळी वाजवून एका बाजूनेच शिरा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा. अस्वलाला वाट मिळाली की ते बहुतेकदा निघून जातं.

कायद्याचं: वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्याच कायद्याच्या नियम ४ खाली ग्रामसभेने नेमलेल्या समितीने हे काम व्यवस्थापन आराखड्यात लिहून ठराव करावा आणि प्रत वनविभागाला द्यावी. म्हणजे वाळलेला माल हलवताना अडवणूक होत नाही.

---

उत्तर ५ | जाळरेषा

आगीबद्दल कुणी लिहिलं नाही. उलटी वाळवलेली रायमुनिया ही नुसती काडी लागायची वाट पाहत असते. ढीग झाडाखाली किंवा वाटेवर नको. जानेवारीपर्यंत जाड काठ्या कुंपणाला, सरपणाला उचला. कर्नाटकातल्या मले महादेश्वर टेकड्यांतले सोलिगा कारागीर तिच्यापासून फर्निचरही करतात, पण त्यासाठी ताज्या काठ्या उकळून सोलाव्या लागतात, ते वेगळं काम आहे.

तुकड्याभोवती ६ मीटर आणि आत ३ मीटर रुंदीची जाळरेषा (आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा) घ्या. डिसेंबरात गवत कापा, जानेवारीत पहाटेच्या गारव्यात, वारा नसताना, वनरक्षकाला कळवून जाळा. १५ फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरला जातो, त्याआधी हे संपलं पाहिजे. पण एकदा जाळली म्हणजे झालं नाही. त्यानंतरच सागाची आणि येनाची पानं गळतात आणि पंधरा दिवसांत रेषा पुन्हा भरते. मार्च-एप्रिलभर दर आठ-दहा दिवसांनी झाडायची. लीफ ब्लोअर असेल तर दोघांच्या दिवसभराचं काम तासाभरात होतं.

आणि मोहाखाली पाला जाळणं थांबवा. जंगलात शिरणारी आग पुष्कळदा तिथूनच निघते. झाडाखाली जुनी जाळी किंवा चार साड्या शिवून अंथरल्या तर फूलही स्वच्छ मिळतं. ज्यांची मोहाची झाडं तुमच्या पहिल्या ५ हेक्टरात आहेत, त्यांना जाळ्या ग्रामसभेच्या निधीतून फेब्रुवारीतच द्या. एप्रिलमध्ये दिल्या तर मोह संपलेला असतो.