मदत हवी आहे: महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे विमानात हँडबॅगेत नेता येतात का?

नमस्कार मंडळी, कुणी असं काही नेलं असेल तर प्लीज सांगा.

यंदापासून महालक्ष्म्या (तुमच्याकडे गौरी म्हणत असतील) आमच्याकडे बंगळूरला बसणार आहेत. आत्तापर्यंत नागपूरला सासूबाईच सगळं करायच्या पण आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा हे सगळं उभ्याने होत नाही, तर त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की आता तू घेऊन जा. ज्येष्ठा-कनिष्ठेचे दोन मुखवटे आहेत, आजेसासूबाईंच्या वेळचे, आणि सोबत दोन बाळं. घरच्या काट्यावर सगळं मिळून साडेचार किलो भरलं, म्हणजे ७ किलोत बसतं, वजनाचं टेन्शन नाही.

टेन्शन सिक्युरिटीचं आहे. जाड पितळ एक्सरेत नुसतं काळं दिसतं, त्यामुळे बॅग उघडायला लावणार हे मी धरूनच चाललेय, त्याला माझी ना नाही. पण "मीच काढून दाखवते" म्हटलं तर सीआयएसएफवाले ऐकतात का? आणि मुखवट्याच्या गळ्याची खालची कड, जी स्टँडवर बसते, ती घासून घासून धारदार झालीये, त्यावरून अडवलं तर? कडेला जाड कापडी पट्टी शिवून टाकू का?

चेक-इनला टाकायचे नाहीत हे नक्की. दोन वर्षांपूर्वी समई चार चादरीत गुंडाळून टाकली होती, घरी येऊन बघतो तर दांडा वाकलेला, आणि तक्रार केली तर नाजूक सामानाची जबाबदारी आमची नाही म्हणून हात वर केले. समई तांबट आळीत नेऊन सरळ करून घेतली पण मुखवट्याचं नाक चेपलं तर मी सासूबाईंना काय तोंड दाखवू. त्यांचं म्हणणं मांडीवर घेऊन बस. टेकऑफ-लँडिंगला मांडीवर काही ठेवू देत नाहीत हे मला माहितीये, सीटखाली पायाशी ठेवायला मन होत नाही, मग वरच्या रॅकमध्येच ना? तिथे दुसऱ्यांच्या बॅगा वर येऊन पडू नयेत म्हणून काय करता तुम्ही?

ओटीचं खोबरं नेणार नाहीये. वाळलं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही, मागच्या खेपेला वाटीभर काढून ठेवावं लागलं होतं. २०२४ मध्ये नारळाला सूट दिली होती ती शबरीमलाच्या यात्रेकरूंच्या इरुमुडीपुरती (ते डोक्यावर नेतात ते पूजेचं गाठोडं), आपल्याला लागू नाही. कापूर, काडेपेटी, सगळं इकडेच घेईन. लोखंडी स्टँड आणि पुरणयंत्र चेक-इनला.

ॲडिट: कुरियर सुचवणाऱ्यांचे आभार, पण देव आपल्या हातानेच न्यायचे असं घरात ठरलंय. ट्रेनने जा म्हणणाऱ्या ताई, तुमचं पटतंय, पण मला एवढी सुट्टी नाही. ज्यांनी खरंच नागपूरहून मूर्ती किंवा मुखवटे हँडबॅगेत नेलेत त्यांनी बॅग कशी भरली तेवढं सांगा, फोटो असेल तर फारच बरं. सासूबाई रोज विचारतायत.