अलित्सा ग्रोफोवा यांच्याविषयी थोडी भर

स्लोव्हाकियाच्या टेबल टेनिसपटू बार्बोरा बालाझोवा यांच्या कारकिर्दीविषयी झालेली एक चर्चा वाचली आणि आवडली. मात्र 'स्लोव्हाकियाला टेबल टेनिसची परंपराच नाही' हे त्यातील विधान मला मान्य नाही. 1973 साली सारायेव्हो येथील जागतिक स्पर्धेत स्लोव्हाक खेळाडू अलित्सा ग्रोफोवा महिला एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या आणि तिथे त्या चीनच्या हू युलान यांच्याकडून पराभूत झाल्या. त्या काळी गेम 21 गुणांचा असे आणि सर्व्हिस पाच-पाच गुणांनी बदलत असे, त्यामुळे एकदा मागे पडलेल्या खेळाडूला सावरायला वेळ मिळे, पण संयमही तितकाच लागे. ग्रोफोवा यांच्यानंतर आजवर एकही युरोपीय महिला या स्पर्धेच्या एकेरीची अंतिम फेरी गाठू शकलेली नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या चेकोस्लोव्हाकियाकडून खेळल्या आणि स्वतंत्र स्लोव्हाकिया 1993 मध्ये अस्तित्वात आला, म्हणूनच बहुधा त्यांचे नाव अशा चर्चांतून निसटते. बालाझोवा यांच्याबाबत एवढेच, की टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरी प्रथमच खेळवली गेली, तेव्हा त्या ल्युबोमिर पिश्तेय यांच्यासह उतरल्या होत्या. दुहेरीत जोडीदारांना आळीपाळीनेच चेंडू मारावा लागतो. फटका मारताच बाजूला सरून जोडीदाराला जागा देणाऱ्या बालाझोवा यांच्या पावलांकडे अवश्य पाहावे.