सारखी वाईट स्वप्नं पडणं म्हणजे नक्की काय?

निशाचर: महिना झाला, आठवड्यातून ३-४ दा दचकून जाग येते, कुठेतरी अडकलेय आणि बाहेर पडायला वाटच नाही असं काहीतरी दिसतं, मग दिवसभर जगायचाच कंटाळा येतो. याला काही अर्थ असतो का मी उगाच डोक्यात घेतेय?

अर्धीझोप: स्वप्न भविष्य सांगत नाही, ते सोड. पण वारंवार पडणारी भयानक स्वप्नं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. संबंध म्हणजे कारणच असं नाही हां. काय दिसलं यापेक्षा किती वेळा पडतं आणि उठल्यावर कसं वाटतं ते डॉक्टरला सांग.

चहाबाज: गोळ्या चालू आहेत का? काही अँटीडिप्रेसंटनी, म्हणजे डिप्रेशनवरच्या गोळ्यांनी, स्वप्नं फार ठळक होतात, अचानक बंद केल्या तरी होतात, त्यामुळे स्वतःहून थांबवू नको. मला इमेजरी रिहर्सल थेरपी दिलेली, जागेपणी स्वप्न बदलून लिहायचं आणि रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. आधी बावळटपणा वाटला, पण फरक पडला.

मधलाबाक: सरळच विचारतो, मरून जावंसं वाटतं का? हो असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नको, आजच घरी कोणाला तरी सांग नाहीतर हेल्पलाइनला फोन लाव.

निशाचर: कधीकधी, हो. ताईला फोन लावतेय.