सी++ मध्ये आणलेला प्रोग्राम जावापेक्षा हळू का?

खटपट्या
काम साधं आहे. २ जीबीची सर्व्हर लॉग फाइल ओळीओळीने वाचायची, रेजेक्सने (मजकुरातला ठरावीक नमुना शोधण्याची पद्धत) प्रत्येक ओळीतला यूआरएल उचलायचा आणि कोणता किती वेळा आला ते मोजायचं. जावात हे चालू होतंच. जावाचा कोड चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचं (व्हीएम) ओझं नको म्हणून तेच जसंच्या तसं सी++ मध्ये लिहिलं: आयएफस्ट्रीम, गेटलाइन, स्टँडर्ड लायब्ररीचा रेजेक्स, मोजणीसाठी अनऑर्डर्ड मॅप (हॅश टेबल). जीसीसी कंपायलरला -ओ२ (वेगवान कोड बनवण्याचा पर्याय) दिलंय. तरी जावाच्या तिप्पट वेळ लागतो. नेटिव्ह कोड (थेट मशीन कोड) मागे कसा पडतो?

सेगफॉल्ट
सिंक विथ एसटीडीआयओ फॉल्स करा, आणि एंडएलऐवजी '\एन' वापरा.

कंपायलरकाका
पहिल्याचा इथे उपयोग नाही. ते सीआयएन-सीआउटसाठी असतं, यांची फाइल आयएफस्ट्रीमने उघडलेली आहे. एंडएलचं म्हणणं बरोबर (दर वेळी बफर रिकामा होतो), पण निकाल शेवटी एकदाच छापत असाल तर त्यानेही फार फरक पडणार नाही.

खरा चोर रेजेक्स. जीसीसीसोबत येणारा स्टँडर्ड रेजेक्स कुप्रसिद्ध संथ आहे. शिवाय तो रिकर्सिव्ह (फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं) असल्याने लाखभर अक्षरांची ओळ आली तर स्टॅक संपून प्रोग्राम कोसळू शकतो. एबीआय (आधी कंपाइल झालेल्या प्रोग्रामशी असलेली सुसंगती) मोडेल म्हणून त्याची मुळापासून दुरुस्तीही कोणी सहज करू शकत नाही. तिकडे जावाचा रेजेक्सही बॅकट्रॅकिंगचाच (जुळलं नाही की मागे जाऊन दुसरी वाट बघणारा), पण त्याचा कोड हजारो वेळा चालला की हॉटस्पॉट (जावाचं व्हीएम) त्याला आपल्या सी२ कंपायलरमधून काढून मशीन कोड बनवतं. म्हणजे तुमची तुलना नेटिव्ह विरुद्ध व्हीएम अशी नाहीच. एक वाईट लायब्ररी विरुद्ध एक बरी लायब्ररी अशी आहे.

आरई२ ही दुसरी रेजेक्स लायब्ररी घ्या, किंवा पीसीआरई२ त्याच्या जिटसकट (जस्ट-इन-टाइम कंपायलर). गंमत बघा, पीसीआरई२ वेगवान होतं ते पॅटर्नचा मशीन कोड चालता चालता बनवून, म्हणजे व्हीएमचीच युक्ती. आणि रेजेक्सचा ऑब्जेक्ट लूपच्या आत बनत नाही ना, ते आधी पाहा.

गोटीराम
मोजणीतही एक खोट असू शकते. जो प्रोग्राम दुसऱ्यांदा चालतो त्याला फाइल डिस्कऐवजी रॅममधल्या पेज कॅशमधून मिळते. एक फेरी वाया घालवा, मग दोन्ही आळीपाळीने पाच-पाच वेळा चालवा.

लॉगमध्ये मराठी मजकूर असेल तर आणखी एक: स्टँडर्ड रेजेक्सला बाइट दिसतात, अक्षरं नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा, त्यामुळे पॅटर्नमधला एक टिंब (म्हणजे 'कोणतंही एक अक्षर') 'क'चा तिसरा हिस्साच पकडतो. निकाल चुकतो आणि एररही येत नाही.

खटपट्या
रेजेक्स काढून टाकला, यूआरएल दोन अवतरणचिन्हांमध्येच असतो म्हणून साध्या फाइंडने शोधला. जावाच्या पुढे गेलो, पण थोडाच. वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या पर्फ रेकॉर्डमध्ये आता मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) सगळ्यात वर आहे.

कंपायलरकाका
सबस्ट्रमुळे, तो तुकड्याची नवी स्ट्रिंग बनवतो. जीसीसीची स्ट्रिंग १५ बाइटपर्यंत स्वतःच्या पोटात ठेवते, त्याहून लांब यूआरएल आला की दर ओळीला एक मॅलॉक, एक फ्री. जावात नवा ऑब्जेक्ट म्हणजे थ्रेडच्या राखीव तुकड्यात पॉइंटर पुढे सरकवणं, आणि अल्पायुषी कचरा यंग जनरेशनमध्ये (नव्या ऑब्जेक्टच्या भागात) स्वस्तात निघतो. अशा कामात जीसी (गार्बेज कलेक्टर) मॅलॉकला सहज गाठतो.

सबस्ट्रऐवजी स्ट्रिंग व्ह्यू घ्या, तो कॉपी न करता मूळ ओळीतल्या तुकड्याकडे फक्त बोट दाखवतो. मॅपमध्ये तो थेट शोधता यावा म्हणून सी++२० आणि किमान जीसीसी ११ हवा. मॅपच्या हॅश आणि ईक्वल टू (तुलना करणारा) दोन्हींवर 'इज ट्रान्सपरंट' लिहा, एकावर लिहून चालत नाही. चौकटी कंसाने व्ह्यू चालणार नाही: आधी फाइंड, सापडला तर आकडा वाढवा, नसेल तरच स्ट्रिंग बनवून एम्प्लेस. मग कॉपी फक्त नव्या यूआरएलची होते. किती वेगळे यूआरएल येतील याचा अंदाज असेल तर रिझर्व्हही करा, नाहीतर मॅप वाढताना पुन्हा पुन्हा रीहॅश (सगळ्या नोंदींची नव्याने मांडणी) होतो.

व्ह्यू मॅपमध्ये की म्हणून मात्र साठवू नका. पुढच्या गेटलाइनला बफर बदलतो आणि आधीच्या सगळ्या की कचरा दाखवू लागतात.