जर्मनीतील एम.एस.साठी आयईएलटीएसच्या लेखन विभागात अर्धा बँड कमी: पुढे काय करावे?

माझी भाची सोलापूरची असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे. त्यानंतर तिने मेकॅनिकलची पदवी इंग्रजीतून घेतली. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या एम.एस.साठी ती येत्या हिवाळी सत्राकरिता अर्ज करणार आहे. एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदवीची कागदपत्रे खरी असल्याची जर्मनीसाठीची पडताळणी) हाती आले आहे आणि ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे व्हिसाकरिता राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच जमा ठेवण्याच्या खात्यासाठी, लागणाऱ्या वर्षाच्या ११,९०४ युरोंची तजवीजही झाली आहे. अडचण उरली आहे ती इंग्रजीच्या गुणांची.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तिला श्रवणात ७.५, वाचनात ७, संभाषणात ६ आणि लेखनात ५.५ असे बँड (नऊपैकी गुण) मिळाले असून एकूण बँड ६.५ आहे. तिच्या यादीतील काही विद्यापीठे केवळ एकूण बँड पाहतात, त्यामुळे तेथे प्रश्न नाही. मात्र ज्या अभ्यासक्रमावर तिचे खरे मन आहे, तेथे एकूण ६.५ हवेत आणि कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी चालत नाही.

लेखनातच गुण का अडकले, याचे कारण मला उघड दिसते. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आकृत्या, सूत्रे आणि मुद्देसूद उत्तरे लिहावी लागतात. एखाद्या विषयावर बाजू मांडून अडीचशे शब्दांचा सलग निबंध इंग्रजीत लिहिण्याची वेळ क्वचितच येते, आणि आयईएलटीएसच्या लेखनात याच दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असते. मुलगी हुशार आहे, इंग्रजी ग्रंथ सहज वाचते. योग्य सराव मिळाला तर ती हा अर्धा बँड नक्की भरून काढेल, याविषयी मला शंका नाही.

तिने संगणकावर परीक्षा दिलेली असल्याने मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त लेखनाची पुनर्परीक्षा, म्हणजे वन स्किल रीटेक, देता येईल. परंतु असे गुणपत्रक स्वीकारायचे की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि संबंधित विद्यापीठाच्या संकेतस्थळावर याबाबत एकही ओळ नाही. प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. दुसरा मार्ग पुनर्तपासणीचा आहे. गुण वाढल्यास तिचे शुल्क परत मिळते, पण निकालाची वाट पाहण्यात ते ६० दिवस सरतील अशी भीती वाटते. एका सल्लागाराने महाविद्यालयाकडून शिक्षणाच्या माध्यमाचे प्रमाणपत्र घेतले की पुरे, असे ठामपणे सांगितले. अभ्यासक्रमाच्या अटींत मात्र तशा प्रमाणपत्राचा उल्लेख नसल्याने केवळ त्या शब्दावर विसंबून अर्ज करणे मला योग्य वाटत नाही.

अर्जाची मुदत १५ जुलैला संपते आणि युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून होणाऱ्या कागदपत्रांच्या छाननीला काही आठवडे लागतात, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागेल.

जर्मनीत शिकत असलेल्या किंवा नुकताच प्रवेश मिळवलेल्या सदस्यांना विचारावेसे वाटते की, वन स्किल रीटेकचे गुणपत्रक तेथील एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाने आपल्याकडून स्वीकारले आहे का? सध्याच्या गुणपत्रकासह अर्ज आधी दाखल करून सुधारित गुणपत्रक मुदतीपूर्वी जोडता येते का, की संपूर्ण परीक्षा नव्याने देणेच अधिक सुरक्षित ठरेल? शिवाय सोलापुरात किंवा ऑनलाइन, निबंध तपासून त्यातील चुका समजावून सांगणारे कोणी शिक्षक आपल्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.