'क्राय टेरर!' (१९५८): सिनेमा कोणाचा, स्टायगरचा की इंगर स्टीव्हन्सचा?

गिरगावचा प्रेक्षक
अँड्र्यू स्टोनचा हा कृष्णधवल थरारपट पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (शेवट फुटणार आहे, सांभाळून): जिम (जेम्स मेसन) सरकारी कामासाठी हवेत असं समजून हॉपलिनला (रॉड स्टायगर) छोटे बॉम्ब बनवून देतो. हॉपलिन त्यातला एक विमानात ठेवतो, कंपनीकडे ५ लाख डॉलरची खंडणी मागतो आणि जिमला बायको-मुलीसकट ओलीस धरतो.

वाहवा सगळी स्टायगरची होते. पण सिनेमा तोलून धरलाय तो बायको झालेल्या इंगर स्टीव्हन्सने. खंडणीचे पैसे ठरल्या वेळेत पोचवायचे, नाहीतर मुलगी गेली, आणि ही न्यूयॉर्कच्या रहदारीत अडकलेली. त्या प्रसंगात तिचा चेहरा बघा.

रात्रपाळी
साफ असहमत. चेहऱ्यावर दिसतंय तेच निवेदनातून पुन्हा ऐकावं लागतं. घाबरलेय हे कळलं हो बाई! उलट स्टायगर. आदल्या चार वर्षांत त्याचा घुसमटलेला, तडतडणारा अभिनय लोकांना माहीत झाला होता. इथे जाड चष्मा, दबका आवाज, आणि धमकी अशी देतो की जणू बँकेतला साहेब कर्जाच्या अटी समजावतोय.

गिरगावचा प्रेक्षक
निवेदन घालणं हा दिग्दर्शकाचा निर्णय, त्याचं बिल तिच्या नावावर कशाला? आणि नेव्हिल ब्रँडसोबत घरात एकटी सापडते तो भाग? ब्रँड झालाय हॉपलिनच्या टोळीतला, नशेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेला विकृत माणूस. तो फारसं काही करत नाही, नुसता जवळ येत राहतो. तिच्या हातात फुटक्या काचेचा तुकडा येतो, तिथे निवेदनाची गरज उरत नाही.

काळापांढरा
ब्रँडचं नाव निघालं ते बरं झालं. मला स्टायगरपेक्षा त्याचीच भीती वाटली. टोळीतली बाई झालेली अँजी डिकिन्सनही थंड डोक्याची, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

एक मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून बॉम्ब ठेवणारा जॉर्ज मेटेस्की जानेवारी १९५७ मध्ये पकडला गेला. वीज कंपनीवरचा जुना राग काढत होता. म्हणजे चारचौघांत उठून न दिसणारा माणूस बॉम्ब ठेवतो, हे तिथल्या प्रेक्षकाला ताजं ताजं ठाऊक होतं. हॉपलिनला मात्र राग-बिग काही नाही, पैसे हवेत. त्यामुळे स्टायगरचा कोरडेपणा पटतो.

रात्रपाळी
+१. हेच म्हणत होतो.

मधली सुट्टी
आणि मेसन? 'ऑड मॅन आऊट'मध्ये (१९४७) जखमी, पळता माणूस त्याने काय उभा केला होता! इथे निम्मा वेळ नुसता घाम पुसतोय. लिफ्टच्या विहिरीतून उतरतो तेवढाच काय तो जीव येतो. वाया घालवलाय.

काळापांढरा
अहो, स्वतःच्या हाताने केलेले बॉम्ब दुसऱ्याच्या कामी आलेत, तो काय डरकाळ्या फोडणार? अपराधीपणाने पिचलेला माणूस असाच दिसतो.

मधली सुट्टी
पिचलेला दिसणं वेगळं आणि कंटाळलेला दिसणं वेगळं. मला दुसरंच दिसलं.

गिरगावचा प्रेक्षक
मेसनवर वेगळा धागा काढा. रात्रपाळी, तुमचा स्टायगर भुयारी रेल्वेच्या विजेच्या रुळावर मरतो, तेव्हा तो बोगद्यात कोणाच्या मागे धावत असतो ते आठवून सांगा. शेवटची दहा मिनिटंसुद्धा तिचीच आहेत.

रात्रपाळी
धावते ती, पण आपण बघतो त्याच्याकडे.